त्रिकोण नसलेली कुपी

चितेगावच्या रानात अण्णा कपाशी फवारायचे. पंप भरण्याआधी डब्यावरचा त्रिकोण बघायचे. लाल म्हणजे सर्वांत जहाल; मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. लाल दिसला की आम्हा पोरांना बांधापलीकडे पिटाळायचे आणि वारा पाठीवर घेऊन फवारायचे.

आता मी शहरातल्या एका रुग्णालयात औषधनिर्माता आहे. क्लिनिकल ट्रायलची कुपी येते तेव्हा तिच्यावर कित्येकदा नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. त्रिकोण तर नाहीच. तो मला काढायचा असतो.

सोबतचं माहितीपत्रक रुग्णाचा विचार करून लिहिलेलं असतं. कुपी उघडणाऱ्या हातांबद्दल त्यात फारसं काही नसतं. ते आपण ओळींमधून शोधायचं. जनावरांत गाठी झाल्या का? गर्भाला, जनुकांना इजा? अगदी थोड्या मात्रेत एखादा अवयव बिघडला? रचना एखाद्या ओळखीच्या घातक औषधाशी जुळते? अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेनं २००४ च्या इशाऱ्यात हेच निकष सांगितले. त्याआधी १९७९ मध्येच फिनलंडमध्ये केमोथेरपी हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकबदल घडवणाऱ्या द्रव्यांच्या खुणा सापडल्या होत्या. सलाईन रुग्णाला लागत होतं, औषध परिचारिकांतही मुरत होतं.

नावावर जाऊ नये. शेवटी 'मॅब' असलं की प्रतिपिंड. रेणू मोठा, धड कातडीतून सहसा शिरत नाही. पण ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिनमध्ये त्याच प्रतिपिंडाला पेशी मारणारं विष जोडलेलं असतं. बैल गरीब, गाडीतला माल जहाल.

सर्वांत फसवा शेरा 'माहिती उपलब्ध नाही'. सुरुवातीला मी तो 'धोका नाही' असा वाचला होता. वरिष्ठांनी कागद परत सरकवला. म्हणाले, "तपासलंच नाही, त्याला निर्दोष कसं म्हणता?"

तेव्हापासून रिकामी जागा मी लालच धरतो. दुहेरी हातमोजे, हवा ओढून गाळणारं कॅबिनेट, उरलंसुरलं 'सायटोटॉक्सिक' लिहिलेल्या पिवळ्या पिशवीत; गर्भवती सहकारी त्या टेबलापासून लांब. नुसत्या त्रिकोणानं कुणी वाचत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा मला अण्णांचा उघडा हात आठवला होता. वारा ते बघायचे, हातमोजे मात्र कधी नव्हते.

माझ्या वहीत त्रिकोण पेन्सिलीनं असतो. नवी माहिती आली की खोडून रंग बदलता येतो. तोवर लाल.