किती फुगायचं?

लेझरने भुकटी वितळवून घडवलेली कोबाल्ट-क्रोमची कॉपिंग्ज, म्हणजे क्राउनच्या आतली धातूची टोपणं, आता डब्यात भरून डेंटल लॅबमध्ये येतात आणि बर्नआउटची भट्टी बहुतेक दिवस थंड असते. भट्टी जावो, पण तिच्याबरोबर एक न सुटलेला प्रश्नही अडगळीत चालला आहे, तो म्हणजे इन्व्हेस्टमेंटने, मेणाभोवती ओतून साचा बनवणाऱ्या मसाल्याने, नेमकं किती फुगायचं. निकेल-क्रोम ओतल्यापासून थंड होईपर्यंत दोन टक्क्यांहून थोडं अधिक आक्रसतं, सोन्याची मिश्रणं दीडच्या आसपास, आणि तेवढंच साच्याने फुगावं, असं पाकिटावरचं गणित सांगतं. मला ते अर्धवट वाटतं. योग्य प्रसरण मसाल्यावरून ठरत नाही, हातातल्या कामाच्या आकारावरून ठरतं.

क्राउन दातावर बाहेरून बसतो. किंचित मोठा झाला तर सिमेंट सांभाळून घेतं. तेच प्रसरण कास्ट पोस्टला दिलं तर ती दाताच्या मुळात पाचरीसारखी घुसते आणि मूळ उभं तडकू शकतं. म्हणून पोस्टचा साचा ज्यात ओततात त्या रिंगमध्ये जाणते लोक अस्तर लावत नाहीत किंवा मसाल्याच्या लिक्विडमध्ये डिस्टिल्ड वॉटर वाढवतात; धातू जरा लहानच हवा असतो. ब्रिजला यातली एकही सवलत नाही. दोन आधारांमधलं अंतर वाढलं काय नि घटलं काय, तो डुगडुगणारच. शिवाय रिंगचं पोलाद मसाल्याला आडवं अडवतं, उभं मोकळं सोडतं, त्यामुळे तोच ब्रिज रिंगमध्ये कसा ठेवला यावरही माप बदलतं. हा पेच जुनाच आहे. १९०७ मध्ये शिकागोच्या टॅगार्ट या दंतवैद्याने मेणाच्या जागी धातू ओतून सोन्याची इनले घडवण्याची ही रीत गाजवली, तेव्हा त्याच्या पेटंटवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, कारण आयोवाच्या फिलब्रुक या दंतवैद्याने तीच गोष्ट १८९७ मध्येच मांडली होती. भांडण मालकीचं मिटलं. आकुंचनाचं अजून चालूच आहे.

यावर कुणी म्हणेल, डायवर, म्हणजे दाताच्या दगडी प्रतिकृतीवर, स्पेसरचे दोन थर द्या, जागा आपोआप मिळते. मिळते, पण आतल्या भिंतींना. मार्जिनच्या, म्हणजे क्राउनच्या कडेच्या, अलीकडे स्पेसर थांबवावाच लागतो, आणि खरी अडचण मार्जिनलाच असते. ब्रिजची लांबी तर स्पेसरने तसूभरही बदलत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: यंत्राने हा प्रश्नच संपवला. पण झिर्कोनियाचा ठोकळा भट्टीत वीस-पंचवीस टक्के आक्रसतो, म्हणून यंत्र तो आधीच तेवढा मोठा कोरतं. म्हणजे आकुंचन तसंच राहिलं, फक्त सॉफ्टवेअरमधला एक आकडा झालं. तो आकडा आमच्या मोजपेल्यापेक्षा भरवशाचा आहे, हे मान्यच करायला हवं. ठोकळा सगळीकडून सारखा दाबलेला असतो. आमचा मसाला हवामान, लिक्विडचं वय आणि घोटणाऱ्याचा मूड असं सगळं लक्षात ठेवतो. मात्र प्रिंट केलेलं रेझिन रिंगमध्ये घालून जुन्या मेणासारखंच तापवणारे पाहिले की हसू येतं. रेझिन जळण्याआधी फुगतं, पातळ भिंतीपाशी साचा तडकतो, आणि दोष मग मसाल्याच्या कंपनीला.

आमच्या अहंकाराचंही बोललं पाहिजे. कास्टिंग डायवर टक्कन बसलं की छाती फुगते, भिंगाखाली चार जणांना बोलावून दाखवावंसं वाटतं. वास्तविक डायचा दगडही घट्ट होताना थोडा फुगतो. ती टक्क एवढंच सांगते की दोन फुगलेल्या वस्तूंचं आपापसात जमलं. दात अजून या बोलण्यात आलेलाच नाही. १९७१ मध्ये मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी मार्जिनला १२० मायक्रॉनपर्यंतची फट व्यवहारात चालण्याजोगी ठरवली, तरी आम्ही वीस-तीसच्या बाता मारतो. त्या फुशारकीचा पेशंटला काडीचा उपयोग नाही. तरीही मला ती सोडवत नाही, कारण लिक्विड किती पातळ करायचं याचा हट्टी विचार तिच्यापोटीच होतो. पोस्टचं काम अजून रिंगमध्येच येतं, आणि क्राउनच्याच मापाचं लिक्विड त्यात ओतणारी लॅब मला लेझरच्या यंत्रापेक्षा जास्त भीतिदायक वाटते.