लाल मिरची, निळा उजेड

खिडक्यांवर पोती टाकून वर्गात अंधार केला होता. टॉर्चवर निळा जिलेटिन पेपर तीन पदरी गुंडाळून चित्रकलेच्या सरांनी झोत टाकला तो टेबलावरच्या लाल मिरचीवर. मिरची काळी पडली.

"सर, जळाली का?"

पोती काढली. मिरची होती तशीच लाल.

परभणी जिल्ह्यातल्या या मुलांना पाणी ठाऊक आहे ते गोदावरीचं, नाहीतर येलदरी धरणाचं. समुद्र बहुतेकांनी पडद्यावरच पाहिलेला. त्यांच्यासाठी सर खोल समुद्राचे तक्ते रंगवताहेत. पहिल्या तक्त्यावर तिथली लालभडक कोळंबी होती. देखणी, पण फसवी. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं, निळा खोलवर जातो आणि हजार मीटरखाली सूर्याचा उजेड पोचतच नाही. तिथं लाल अंग म्हणजे लपायला काळं पांघरूण. मग रंगवायची कशी? काळी केली तर दिसत नाही, लाल केली तर मुलं चुकीचं शिकतात. सरांनी दोन काढल्या. लाल कोळंबीखाली लिहिलं, 'पाणबुडीच्या दिव्यात'. दुसरीची काळ्या कागदावर नुसती कड, पेन्सिलीची.

हा पेच जुनाच आहे. मुंबईच्या गोदीत 1881 साली बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजानं खोल पाण्यातून मासे आणले, पण स्पिरिटमध्ये त्यांचे रंग टिकत नसत. ऑगस्ट 1934 मध्ये बर्म्युडाजवळ विल्यम बीब आणि ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून 923 मीटर खाली उतरले. बीब टेलिफोनवरून सांगत, वर ग्लोरिया होलिस्टर टिपून घेत आणि एल्स बोस्टेलमन त्या वर्णनांवरून चित्रं रंगवीत. त्यांतले काही मासे नंतर कुणालाच दिसलेले नाहीत. म्हणून चित्र कितीही जिवंत वाटलं, तरी ते पाहून काढलं की ऐकून, हे सांगायलाच हवं, असं सरांना मनापासून वाटतं.

सध्या तक्त्यावर सागरी हिमाचं काम चाललंय. मेलेले सूक्ष्मजीव, विष्ठा, चिकट धागे यांचे कण अखंड खाली झरत असतात आणि तळच्या जीवांचं पोट बरंचसं त्यावरच चालतं. पण हिम म्हणजे काय, हेच इथं कुणी पाहिलेलं नाही. मानवतकडची एक मुलगी म्हणाली, "आमच्या जिनिंगमध्ये उडतं तसं?"

सरांनी ब्रश ठेवला, कापूस मागवला. आता मुलं डिंकानं काळ्या कागदावर बारीक पुंजके चिकटवताहेत आणि सर प्रत्येकामागे उभं राहून सांगताहेत: वर दाट, खाली विरळ, बरंचसं वाटेतच खाल्लं जातं.