पंख्याची आस

संगणकाच्या पोटात एक पंखा असतो, ही गोष्ट तो बिघडेपर्यंत आमच्या गावीही नव्हती. छताचा पंखा कुरकुरला तर माणूस मान वर करून पाहतो. परंतु टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीत, प्रोसेसरच्या डोक्यावर बसून, मिनिटाला दोन-दोन हजार फेरे घालणाऱ्या तळहाताएवढ्या पंख्याची दखल कोण घेतो? २०२० सालच्या जुलै महिन्यात आम्हांला ती घ्यावी लागली.

ते दिवस वाचकांच्या स्मरणात असतीलच. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांत त्या महिन्यात टाळेबंदी पुन्हा कडक झाली होती. आमची नोकरी ठाण्याच्या एका शाळेत, बिऱ्हाड डोंबिवलीत; लोकलची धावपळ थांबली आणि शाळाच आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली. सकाळी दहाला आमचा नववीचा व्याकरणाचा तास, दुपारी कन्येचे बारावीचे वर्ग, आणि रविवारी डोक्यावर पदर घेऊन, हातात रोझरी धरून त्याच पडद्यासमोर बसलेली आमची आई. कारण देवळाचे दार तेव्हा बंद होते. एवढा सगळा भार २०१२ साली सुटे भाग जोडून बनवून घेतलेल्या एका संगणकावर. दुकाने बंद, दुरुस्ती करणारा येईना, आणि नव्या यंत्राला लागणारा पैसा हाताशी नव्हता.

पंख्याने सूचना दिली नव्हती असे म्हणता येणार नाही. सकाळी यंत्र सुरू केले की घसा बसलेल्या माणसासारखी घरघर होई आणि पाच-दहा मिनिटांत थांबे. थांबते म्हणजे बरे आहे, अशी आम्ही समजूत करून घेतली. पुढे घरघर लांबू लागली, तेव्हा आम्ही एक शहाणपण केले. गंजलेल्या कुलुपावर मारायचा तेलाचा फवारा घरात होता. पेटी उघडून, जाळीतून नेम धरून तो पंख्याच्या मध्यावर मारला. आवाज त्या क्षणी बंद! आम्ही स्वतःवरच खूश झालो. हे सुख आठवडाभर टिकले. पुढच्या सोमवारी समासाचे प्रकार सांगत असता टेबलाखालून कर्कश किंकाळी उठली, मग सामसूम झाली, आणि थोड्या वेळात पडदा काळा पडला. तिकडे तीस-पस्तीस मुलांना गुरुजी द्वंद्व समासात अंतर्धान पावल्यासारखे वाटले असणार.

यंत्र जळाले नव्हते, हे नंतर कळले. प्रोसेसर अति तापला की आधी तो आपली गती कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर सारा संगणक बंद पाडतो. पुन्हा सुरू करताच पडद्यावर पंख्याविषयीची ताकीद उमटली. पंखा थांबला हे संगणकाला कळते कसे, असा प्रश्न आम्हांला पडला होता. त्याचे उत्तर तिसऱ्या तारेत आहे. दोन तारा वीज नेतात, तिसरी खबर आणते: पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके. ठोके थांबले की संगणक सावध होतो.

आमचे वडील खिडकीपाशी बसून हे सारे ऐकत होते. वय अठ्ठ्याहत्तर. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ फिटरचे काम केले. १९६२ सालच्या ऑगस्टमध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले ते ठाण्याच्या ह्याच वसाहतीत. वडील तेथे रुजू झाले तेव्हा चहूकडे लेथ आणि प्रेस यांचा गजर असे. आज तेथील कित्येक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि आत रांगांनी संगणक आहेत. निवृत्तीनंतर त्यांच्या हुन्नराला घरात काही काम उरले नव्हते. त्यात पासष्टीपुढच्यांनी बाहेर पडू नये असा सरकारचा आदेश. चार महिने ते त्या खिडकीतून रिकामा रस्ता पाहत होते.

"काय मारलंस त्यात?" त्यांनी विचारले.

आम्ही डबा दाखवला. त्यांनी तो दूर धरून वाचला.

"हे तेल नव्हे रे. हे धुवायचं पाणी. गंज सोडवायला ठीक आहे. आत जे थोडं वंगण उरलं होतं तेही तू धुऊन काढलंस आणि आस कोरडी फिरवलीस. आण इकडे."

आम्ही पेटीतून पंखा सोडवून त्यांच्या हाती दिला. त्यांनी पाकळ्यांकडे पाहिलेही नाही. मधला गोल तुंबा दोन बोटांत धरून त्यांनी तो इकडून तिकडे हलवला, मग वर ओढून सोडला. वर ओढला की किंचित उचले आणि सोडताच आपोआप खाली बसे. ही ओढ चुंबकाची. पंख्याच्या तुंब्यात आतून चुंबकाचे कडे असते आणि तारेची वेटोळी मात्र चौकटीत स्थिर असतात. बऱ्याच पंख्यांत ही दोन्ही मुद्दाम किंचित खालीवर बसवतात, म्हणजे चुंबक तुंब्याला सतत एका बाजूला खेचून धरतो आणि आस पुढेमागे आपटत नाही. वडिलांना चुंबकाचे हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण बोटांना कळले. "याला खाली ओढणारं कोणीतरी आहे," ते म्हणाले, "ते बरं आहे. बाजूला किती हलतं ते महत्त्वाचं."

बाजूला किती हलते, यावरच सारा खेळ होता. आमच्यासारख्या मराठी शिकवणाऱ्याला पंखा म्हणजे पाकळ्या. फिटरला पंखा म्हणजे आस, आणि आस जिच्यात फिरते ते भोक. वसईच्या आमच्या आजीच्या घरी जाते होते. खुंटा हाताने ओढायचा, पण वरची तळी फिरायची मधल्या लोखंडी खिळीवर. खीळ ढिली झाली की तळी भटकायची, पीठ एका बाजूला जाडे आणि दुसऱ्या बाजूला बारीक पडायचे. मग आजी चिंधी ठोकून खीळ घट्ट करी. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना चिंधी चालत नाही, एवढाच फरक.

पंख्याच्या पाठीमागचा कागदी शिक्का सोलला तेव्हा त्याखाली रबराचे बूच आणि बुचाखाली ते भोक दिसले. पितळेसारख्या रंगाची छोटी नळी, तीत जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची पोलादी आस. ही नळी साध्या धातूची नसते. काशाची भुकटी दाबून आणि भाजून ती घडवतात, त्यामुळे तिच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात आणि तिच्या आकारमानाच्या सुमारे एक पंचमांश भागात तेल मुरवता येते. आस फिरू लागली की तेल बाहेर ओढले जाऊन तिच्याभोवती पातळ थर धरते. थांबली, निवली की नळी ते पुन्हा शोषून घेते. म्हणजे फिरताना पोलाद काशाला टेकतच नाही, तेलावर तरंगते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते तेल उडून जाते, उरलेल्यात धूळ कालवली जाते आणि त्याची खळ होते. सकाळची घरघर त्या खळीची होती. तापली की ती पातळ होई, म्हणून आवाज थांबे. रोगी उठून बसला म्हणून आम्ही त्याला निरोगी ठरवले होते.

आसेच्या टोकाशी एक खाच, आणि खाचेत अडकवलेली, एका ठिकाणी चिरलेली प्लास्टिकची चकती. बैलगाडीचे चाक निसटू नये म्हणून आखाला खीळ असते, तीच ही. एवढीशी चकती पंख्याला जागेवर धरून ठेवते. ती काढायचे काम वडिलांनी आमच्यावर सोपवले, कारण त्यांचे हात कापत होते. त्यांनी तसे बोलून दाखवले नाही. "तुझे डोळे बरे आहेत," एवढेच म्हणाले. आणि बजावले, "वर फडकं धर, उडेल." आम्ही फडके धरले नाही. सुईच्या टोकाने चकती उचकटली आणि ती टुणकन उडून कोठे गेली ते कळलेच नाही.

पुढचा पाऊण तास आमचे सारे कुटुंब जमिनीवर होते. कन्येने बॅटरी जमिनीलगत आडवी धरली, म्हणजे बारीक वस्तूचीही लांब सावली पडते. ही युक्तीही आजोबांचीच. वडील खुर्चीवरून सूचना देत होते आणि आम्हांला रागवत नव्हते, याचेच अधिक वाईट वाटत होते. ती चकती बाजारात सुटी मिळत नाही. शेवटी ती सापडली आईच्या शिवणयंत्राच्या पायाशी. पाडव्याची नाणी हरवून सापडावीत तसा घरात आनंद झाला.

आस बाहेर आली. वडिलांनी ती नखावर फिरवून पाहिली. कोठे चर पडलेली नव्हती. मग नळीच्या भोकात डोकावण्यासाठी त्यांनी कन्येला बोलावले. "भोक गोल आहे की अंडाकृती, नीट बघ." हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. उभ्या पेटीत हा पंखा असा बसतो की त्याची आस आडवी राहते. तुंब्याचा भार नेहमी भोकाच्या खालच्या अंगावर पडतो आणि तेल संपले की तेच अंग आधी झिजते. धूळ पाकळ्यांवर कमी-अधिक साचली तर फेकही वाढते. भोक एकदा अंडाकृती झाले की आस सरळ रेषेत उभी राहू शकत नाही, आणि मग तेलाचा उपयोग आजाऱ्याला अत्तर लावण्याइतकाच. कन्या म्हणाली, गोल दिसते. "थाऊ-दोन थाऊ गेलं असेल," वडील म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "काढेल काही दिवस."

कापसाच्या वातीने नळी पुसली, फवाऱ्याचा अंश राहू नये म्हणून दोन तास वाळू दिली. शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून खोबरेल सुचवले होते. पंचवीस अंशांच्या खाली गोठणारे तेल डिसेंबरच्या पहाटे काय करील, हे डोंबिवलीकराला सांगायला नको. शिवणयंत्राचे तेल घेतले, मोजून दोन थेंब. आम्ही तिसरा सोडायला गेलो तर वडिलांनी मनगट धरले. जास्तीचे तेल बाहेर येते, धूळ धरते, आणि शिक्क्याचा गोंद सोडवते. सोललेला शिक्का पुसून पुन्हा घट्ट चिकटवायचा, कारण आतले तेल आत आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवणारे दारच ते.

वडिलांच्या मनगटावर त्या वेळी एच.एम.टी.चे जुने घड्याळ होते, तबकडीवर '१७ ज्युएल्स' लिहिलेले. हे सतरा माणिक शोभेचे नाहीत, हे आम्हांला त्या दुपारी प्रथम कळले. घड्याळातील बारीक आसांची टोके झिजू नयेत, जागची हलू नयेत, म्हणून त्यांना माणकाची बैठक देतात. लंडनमध्ये १७०४ साली ह्या युक्तीचे पेटंट घेतले गेले. पंख्याच्या बाबतीत आता याहून पुढची सोय झाली आहे. महागड्या पंख्यांत दोन छर्‍यांच्या बेअरिंगांमध्ये आस धरतात आणि बारीक स्प्रिंगने दाब देऊन ढिलेपणा काढून टाकतात. काहींत नळीच्या आतल्या अंगाला माशाच्या काट्यांसारख्या चऱ्या असतात, त्या तेलाला फिरता फिरता मध्याकडे ढकलतात आणि आसेला चहूबाजूंनी सारखे सावरतात.

पंखा परत बसवताना आम्ही एक स्क्रू पूर्ण आवळला. "तसं नाही," वडील उठलेच. "आधी चारही हलके लाव. मग समोरासमोरचे थोडे थोडे. एकच कोपरा ओढलास तर चौकट पिळते, नि आस वाकडी होत नसली तरी पाकळी घासते." मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चौकटीला आणि मूठ कानाला लावली आणि यंत्र सुरू करायला सांगितले. कारखान्यात मोठमोठ्या मोटारींची नाडी ते अशीच पाहत. चौकट कानाशी बोलत होती. आम्हांला काहीच ऐकू येत नव्हते. बराच वेळ ते डोळे मिटून तसेच उभे राहिले. हात कापत नव्हता.

मंगळवारी दहा वाजता द्वंद्व समास पुढे सुरू झाला.

तो पंखा पुढे अकरा महिने चालला. २०२१ च्या जूनमध्ये घरघर पुन्हा आली, तेव्हा वडिलांनी तुंबा दोन बोटांत धरून हलवला आणि स्वतःच निकाल दिला: भोक गेले, आता तेल घालू नकोस. दुकाने तोवर उघडली होती. ठाण्याहून आम्ही दोन बेअरिंगांचा नवा पंखा आणला. त्यांनी तो खोक्यातून काढला, कानाजवळ नेऊन बोटाने फिरवला आणि ऐकले.

"याचा आवाज वेगळा आहे," ते म्हणाले. "स्क्रू मात्र मीच आवळतो."