उन्हात छापलेलं फडकं

उन्हाने फोटो छापता येतो, तोही मांजरपाटावर, तोही हात पुसायच्या फडक्यावर, हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही? भाची सुट्टीला आली होती. जाताना ओट्याजवळच्या हुकाला तिने एक फडकं अडकवून ठेवलं. गडद निळं आणि त्यावर पांढऱ्या रेघांची नुसती झुंबड! अर्धवट वर्तुळं, एकमेकींना छेदत गेलेल्या कमानी, मध्येच एक मोकळा पट्टा. मी म्हटलं, बाटिक दिसतंय, कुठून आणलंस? तर म्हणते, "मावशी, अगं हे तुझ्याच परातीचं बूड आहे."

परातीचं बूड! वर्षानुवर्षं काथ्याने घासून त्यावर जे ओरखडे उठलेत, त्यांचा हिने तिरप्या उजेडात जवळून फोटो काढला आणि गच्चीवर नेऊन कापडावर उतरवला. छापखाना नाही, मशीन नाही. मी तिला तिथेच बसवून घेतलं आणि सगळं सांगायला लावलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

या छपाईला सायनोटाइप म्हणतात. 1842 साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने ती शोधली. हा मूळचा ताऱ्यांचा माणूस, पण उजेडाने कशाचं काय होतं याचाही त्याला नाद. पुढच्याच वर्षी अॅना अॅटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळं सरळ कागदावर ठेवून त्यांचे निळे ठसे घ्यायला सुरुवात केली आणि त्यांचं पुस्तकच काढलं. फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. त्यातला मजकूरसुद्धा त्यांनी हाताने लिहून याच पद्धतीने छापला. कॅमेरा नाहीच! पुढे कित्येक दशकं इमारतींचे आणि यंत्रांचे नकाशे याच रसायनाने उतरवले जात, निळ्यावर पांढऱ्या रेघा.

आता कृती. दोन क्षार लागतात. फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मिली पाण्यात, आणि दोन्ही द्रावणं सारखी मिसळायची. दुसऱ्याच्या नावात सायनाइड पाहून माझ्या पोटात गोळा आला. पण ते लोखंडाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की सहजी सुटत नाही. मात्र त्याला तीव्र आम्ल आणि विस्तव दाखवायचा नाही, हातमोजे घालायचे, आणि यासाठीची वाटी-चमचा पुन्हा स्वयंपाकघरात आणायचा नाही. हा नियम मी फारच कडक पाळते. तयार फडक्यानेही मी हात आणि काचेचे ग्लास पुसते. पोळ्या त्यात गुंडाळत नाही, कणीक झाकत नाही. त्याला आपले जुने पंचे आहेत.

कापड मात्र सुतीच हवं. मांजरपाट आणायचा, गरम पाण्यात खळ काढून टाकायची, नाहीतर द्रावण नुसतं वर तरंगतं, धाग्यात मुरत नाही. ऊन न येणाऱ्या खोलीत बल्बच्या उजेडात रुंद ब्रशने द्रावण लावायचं आणि कपाट बंद करून आत सुकवायचं. सुकलं की कापड पिवळट पोपटी दिसतं. फोटोची निगेटिव्ह काढायची ती पारदर्शक ओएचपी शीटवर, आणि जेवढं चित्र हवं तेवढ्याच आकाराची, कारण इथे लहानाचं मोठं काही होत नाही. झेरॉक्सवाला दोनदा म्हणाला, "ताई, उलटं आलंय हो, काळ्याचं पांढरं झालंय." त्याला म्हटलं, तसंच हवंय, आणि अजून एक द्या. लेझर प्रिंटचा काळा थोडा विरळ असतो, म्हणून एकावर एक दोन शीट ठेवल्या की उजेड नीट अडतो.

मग गच्ची! फळीवर कापड, त्यावर निगेटिव्ह, त्यावर काच, चारी बाजूंनी चाप. एप्रिलचं बाराचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. पाहता पाहता काचेखालचा पोपटी रंग हिरवट, मग निळसर, मग शिळ्या राखेसारखा होत जातो. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. ज्या उन्हाला एरवी आपण नावं ठेवतो, पडदे ओढून घेतो, त्यातलेच अतिनील किरण इथे कामाला लागतात. ते फेरिक लोहाचं फेरस करतात आणि ते फेरीसायनाइडशी जुळून पाण्यात न विरघळणारा निळा, म्हणजे प्रशियन ब्ल्यू, धाग्यातच तयार होतो. जिथे निगेटिव्हने ऊन अडवलं तिथे काहीच घडत नाही.

आणि मग बादली. अहाहा! या क्षणासाठी मी रोज गच्चीवर जाईन. राखाडी, मळकट, टाकून द्यावंसं वाटणारं ते कापड पाण्यात बुडवायचं. पिवळं-हिरवं पाणी सुटायला लागतं, न उन्हावलेलं द्रावण वाहून जातं आणि त्याखालून रेघा वर येतात, आधी धूसर, मग एकदम लख्ख. निळा मात्र तेव्हा कच्चाच असतो. हवा लागेल तसा तो दिवसभर गडद होत जातो. घाई असेल तर पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं, एका दमात शाईसारखा निळा. मी टाकते. मला कुठला धीर!

या सगळ्यात मला खरी गंमत वाटते ती चित्राची. अमूर्त चित्रासमोर आपण उगाच अवघडतो. चित्रकार गायतोंड्यांच्या कॅनव्हाससमोर उभं राहून 'यात काय आहे' असा प्रश्न मनात आला नाही असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? चित्रकार नसरीन मोहमदींनी वाळूचे, पाण्याचे, रेषांचे इतके देखणे कृष्णधवल फोटो काढले, पण हयातीत त्यांचं प्रदर्शन केलं नाही. 1990 साली त्या आपल्या अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. फोटो लोकांपुढे आले ते नंतर. असली चित्रं पाहायची म्हणजे काही अधिकार लागतो असं मला वाटायचं. फडक्याला मात्र कोणी अर्थ विचारत नाही! भांड्याला येणाऱ्या बाईंनी ते पाहिलं, हातात घेतलं, दोन्हीकडून उलटून बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, छान आहे हो नक्षी. पण पाणी शोषतं ना?" शोषतं. ही समीक्षा मला पूर्ण मान्य आहे.

त्यामुळे आता मी घरात डोळे फाडून फिरते. दुधावरच्या सायीच्या सुरकुत्या, कुकरच्या झाकणाला आतून धरलेलं पाणी, पोळपाटावर लाटण्याने ओढलेलं पीठ, गेटचा गंज, मागच्या भिंतीचे पोपडे. नवरा म्हणतो, चहाचं आधण आटलं, फोटो काय काढतेस? त्याचाच काढत होते.

धुण्याचं एक पथ्य आहे. सोडा आणि कडक पावडर या निळ्याला चालत नाही, त्यातल्या अल्कलीने तो पिवळट पडतो. रिठ्याचं पाणी उत्तम. पण भाची पुढची पायरीही शिकवून गेलीय. मुद्दाम सोड्याच्या पाण्यात निळा फिका करायचा, धुवायचा आणि कडक कोऱ्या चहात बुडवून ठेवायचा. चहातली टॅनिन लोहाला धरतात आणि निळ्याचा तपकिरी-काळा होतो.

आणि हळद? आपल्या स्वयंपाकघरात हळदीचा डाग पडणारच. ऊन दिलं की हळद उडते हे आपल्याला आईने शिकवलेलं. उन्हात हा निळाही थोडा उतरतो. पण फडकं काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवलं की हवेने निळा बराचसा परत येतो, आणि हळद येत नाही! हे वाचल्यावर मी अक्षरशः टाळी वाजवली.

जून तोंडावर आलाय. एकदा पाऊस सुरू झाला की ही छपाई बंद. म्हणून आणखी पाच मीटर मांजरपाट सांगितलाय, खळ काढायला आजच भिजत घालणार आहे. शेजारच्या काकूंनी त्यांच्या तव्याची मागची बाजू फोटोसाठी आणून दिलीये. न घासता.