हणजूणच्या बाजारात शिंके

गोवा म्हटले की आपल्याला मंगेशी, शांतादुर्गा, मिरामारचा किनारा आणि परतताना पिशवीत भरलेले काजू एवढेच आठवते. पण हिवाळ्यातल्या एखाद्या बुधवारी म्हापशाच्या स्टँडवर उभे राहून पाहावे. पाठीवर गाठोडी घेतलेल्या बायका, गळ्यात मण्यांच्या माळा घातलेली तरुण मुले, उन्हाने लाल झालेले परदेशी पाहुणे असा सगळा लवाजमा एकाच बसमध्ये कोंबला जात असतो. बसच्या पाटीवर ‘अंजुना’ लिहिलेले असते. गावची माणसे मात्र हणजूणच म्हणतात, आणि मलाही तेच बरे वाटते.

आम्ही सावंतवाडीचे. म्हापसे आम्हाला काही परदेश नव्हे. बांद्याला तेरेखोल ओलांडली, पत्रादेवीचा नाका मागे टाकला, पेडणे-धारगळवरून कोलवाळच्या पुलावर आले की म्हापसे आलेच. दर शुक्रवारी तिथला बाजार भरतो; मिरच्या, मयड्याची केळी, सुके मासे यांसाठी आमच्याकडच्या कितीतरी बायका जातात. मी मात्र गेले ती बुधवारी, आणि घ्यायला नव्हे, विकायला. निदान विकले जाते का ते पाहायला. पिशवीत मी स्वतः विणलेली आठ शिंकी होती.

शिंकी म्हणजे हल्ली ज्याला ‘मॅक्रमे प्लँट हँगर’ म्हणतात ती! आपल्या आयांच्या दिवाणखान्यात नायलॉनच्या दोरीचे ते घुबड टांगलेले असायचे, आठवते ना? लाकडी मण्यांचे डोळे आणि खाली झुपका. प्रत्येक रुखवतात एक तरी घुबड असायचेच. मग ती फॅशन गेली, घुबडे माळ्यावर गेली. आता तीच कला कोऱ्या सुती दोरीचे कपडे घालून परत आली आहे आणि तिचे नाव झाले आहे ‘बोहो’. शहरातल्या घरांतून, हॉटेलांतून, लग्नाच्या मांडवांतूनसुद्धा हे बोहो लटकलेले दिसते.

या शब्दाची गंमत सांगण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये गावोगाव फिरणाऱ्या रोमा लोकांना ‘बोहेमियन’ म्हणत, कारण ते बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशाच्या भागातून आले असा तिथल्यांचा समज होता. पुढे पॅरिसमधले फाटके चित्रकार आणि लेखक असेच बेफिकीर राहायचे, म्हणून त्यांनाही तेच नाव पडले. रोमा लोक मुळात आपल्या उत्तर-पश्चिम भारतातून शेकडो वर्षांपूर्वी गेलेले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला पानी, नाकाला नाख आणि कानाला कान म्हणतात! म्हणजे परदेशातून फिरून, नवे नाव लावून आलेले हे पाहुणे लांबच्या नात्याने आपल्याच घरचे निघाले.

हणजूणचा बाजार समुद्राला लागून, माडांच्या सावलीत भरतो. खाली खडकाळ किनारा, वर लाल मातीची जमीन, आणि तिच्यावर बांबू रोवून, चादरी ताणून केलेल्या दुकानांच्या गल्ल्या. पावसाळा संपून पाहुण्यांचा हंगाम सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत दर बुधवारी हा खेळ चालतो. सकाळी माणसे मांडायला लागतात आणि सूर्य बुडताना गुंडाळतात.

याची सुरुवात हिप्पींनी केली. १९६० च्या दशकाच्या शेवटी युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशा रस्त्याने बसमधून ही मुले यायची आणि हणजूणला समुद्रकाठी मुक्काम ठोकायची. पैसे संपले की अंगावरची जीन, घड्याळ, टेपरेकॉर्डर, जे असेल ते आपापसात विकायची नाहीतर अदलाबदल करायची. कोणी माळा ओवायचे, कोणी चामड्याचे पट्टे करायचे. ‘आठ बोटांचा एडी’ नावाचा, आर्मेनियन वंशाचा एक अमेरिकन होता. त्याने १९७५ च्या सुमाराला या देवघेवीचा नीट बाजार भरवला असे सांगतात. तो म्हातारा २०१० साली गोव्यातच वारला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षी अफगाणिस्तानात रशियाचे सैन्य शिरले आणि तो खुष्कीचा रस्ताच बंद पडला. हिप्पी गेले, बाजार राहिला.

राहिला, पण हातचे काम किती राहिले हा प्रश्न आहे. मी एक गल्ली सावकाश पाहत गेले. काश्मिरी शाली, तिबेटी चांदीचे दागिने, राजस्थानी चादरी, केरळचे म्हणून विकले जाणारे मसाले आणि प्रत्येक चौथ्या दुकानात तीच हत्तीची छापील लुंगी. भावही तेच, आरोळ्याही त्याच. ‘हँडमेड मॅडम, हँडमेड!’ म्हणून माझ्या हातात दिलेल्या पिशवीची शिवण मी उलटून पाहिली. इतकी सरळ शिवण माझ्या हाताने तरी सात जन्मांत यायची नाही.

पुढच्या वळणावर लमाणी बायका बसल्या होत्या. कर्नाटकातून कामाच्या शोधात आलेल्या या बायका गोव्याच्या किनाऱ्यावर तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांच्या भरतकामाला मोठा मान आहे. बळ्ळारीकडच्या संडूरच्या लमाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आरसे, कवड्या, लाल-पिवळ्या दोऱ्यांचे बारीक टाके, सगळे डोळ्यांत भरणारे. मी एकीजवळ उकिडवी बसले. चाळिशीची असेल. तिच्यापुढे दोन ढीग होते. एका ढिगातल्या आरशांच्या पिशव्या ती दोनशेला देत होती. दुसऱ्या ढिगात तीनच पिशव्या होत्या, जराशा मळकट, विटक्या रंगाच्या.

“या कितीला गं?”

“हजार.”

तेवढ्यात एक पाहुणी आली, तिने चारशे म्हटले. बाईने मान हलवली. साडेचारशे, पाचशे. बाईने पिशवी पुन्हा ढिगावर ठेवली आणि दुसरी पुढे केली. “हा मशीनचा, दोनशेला घे. तो नाही.” पाहुणीने दोनशेची घेतली, कोपऱ्यात टांगलेल्या कागदाला मोबाइल दाखवून पैसे दिले आणि गेली.

“का नाही दिलीस? पाचशे देत होती की,” मी म्हटले.

“माझ्या सासूचा फेटिया आहे तो, बाय.” फेटिया म्हणजे त्यांचा घागरा. सासूने लग्नाआधी दोन वर्षे बसून भरलेला. सासू गेल्यावर तिने तो कापला आणि त्याच्या सात पिशव्या झाल्या. चार गेल्या.

“मग विकतेस कशाला?”

“पोर कॉलेजला आहे ना.”

“ती शिकली का हे भरायला?”

“ती कंप्युटर शिकते,” ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात वाईट वाटणे किती आणि अभिमान किती, ते काही मला उमगले नाही. मी मात्र तिथून उठल्यावर बराच वेळ त्या तीन पिशव्यांचाच विचार करीत होते. हजार रुपये म्हणजे तिला काय मोजून मिळाले असतील? दोन वर्षांचे टाके भागिले सात?

माझा हिशेब तिच्या मानाने सोपा, तरी तोही मी कधी धड मांडला नव्हता. तो मांडून दिला एका पुण्याच्या मुलीने. नोकरी सोडून ती हंगामभर इथे राहते आणि मेणाच्या दोऱ्याच्या बांगड्या विणते, मधोमध एखादा रंगीत खडा बसवते. मराठी ऐकून तिला बरे वाटले असावे, कारण तिने मला चटईवर बसवून घेतले, “ताई, दाखवा तुमचे,” म्हणाली आणि एक शिंके उचलून सरळ विचारले, “किती तास लागले?”

किती तास! घरात आपण असे मोजतो का हो? कुकर लावला की दोन गाठी, मुलाचा अभ्यास घेताना चार गाठी, रात्री बातम्या बघताना उरलेल्या. तरी सगळे मिळून तीन तास धरा, मी म्हटले. मग तिने वहीत लिहिले. तीन मिलिमीटर जाडीची सुती दोरी मला साडेचारशे रुपये किलो पडते. एका किलोत साधारण सहा शिंकी, म्हणजे एकाला पंचाहत्तर रुपयांची दोरी. कडी आणि मणी पंचवीस. झाले शंभर. गावातला दुकानदार मला देतो दोनशे, आणि स्वतः विकतो साडेतीनशेला. माझ्या तीन तासांचे आले शंभर रुपये, तासाला तेहतीस. शाळेत मी तासांवर मराठी शिकवते, त्याचे एकशे वीस मिळतात, आणि तेही कमी म्हणून आम्ही शिक्षिका रोज कुरकुरतो!

“इथे बसून विकले तर?” मी विचारले.

“इथे सहाशे सांगायचे, साडेतीनशेला द्यायचे. वर जागेचे भाडे, येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसभर ऊन. शिंके मोठे असते ताई, विमानात बसून जाणारी माणसे छोट्या वस्तू घेतात. माझ्या बांगड्या त्यांच्या खिशात मावतात.” मग जरा थांबून म्हणाली, “तुम्ही बाजारात बसू नका. बाजाराच्या वाटेवरची घरे गाठा.”

हा सल्ला लाखमोलाचा निघाला. हणजूण आणि म्हापसे यांच्यामध्ये आसगाव लागते. तिथली जुनी कौलारू घरे डागडुजी करून लोक पाहुण्यांसाठी देतात, आणि त्यांना ओसरीवर टांगायला नेमके हेच हवे असते. परतताना मी आसगावला उतरले. तीन दारांतून “नको” ऐकले (एका ठिकाणी तर कुत्र्यानेच सांगितले). चौथ्या घरी साठीच्या एक बाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी चष्मा लावला, शिंक्याची प्रत्येक गाठ ओढून पाहिली आणि कोकणीत विचारले, कुंडी पाहुण्याच्या डोक्यावर पडली तर?

उत्तर माझ्याजवळ तयार होते, आणि ते सासूबाईंच्या कृपेने. त्यांच्या माहेरी सुंभाची शिंकी घरीच वळत. मांजराच्या तोंडून दूध-लोणी वाचवायचे तर दुसरा उपाय कुठे होता? माझे पहिले शिंके पाहून त्या म्हणाल्या होत्या, “दिसायला छान आहे गं, पण भार घेईल का?” आणि पाण्याने भरलेली कळशी त्यात ठेवून त्यांनी ते आठवडाभर पडवीत टांगून ठेवले. खालची गुंडाळी सैल पडली. तेव्हापासून ती गुंडाळी मी त्यांच्या पद्धतीने करते, दोरीचे टोक आतून ओढून घेऊन. मी हे सगळे सांगितले. बाईंना कळशीची गोष्ट फार आवडली. त्यांनी प्रत्येकी पाचशेला तीन शिंकी ठेवून घेतली आणि शिमग्याच्या आत आणखी सहा हवीत म्हणाल्या. “निम्मे पैसे आधी द्याल का?” हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडताना जीभ जड झाली होती, पण पडले. आणि त्यांनी दिलेही, जणू त्यात विशेष काही नाही.

आता तासाचे एकशे तेहतीस झाले. शाळेपेक्षा तेरा रुपये जास्त! बसभाडे वजा केले तर बरोबरी म्हणा हवे तर.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. दोरी कापताना जेवढी लांबी हवी तिच्या चौपट धरावी, आणि कडीत दुमडून घालायची असेल तर आठपट. मीटरभर शिंक्याला आठ-आठ मीटरचे चार तुकडे. कमी पडली तर मध्ये जोड देता येतो, पण तो जोड भार पडेल तिथे नको. कोरी दोरी विणण्याआधी हात स्वच्छ धुवावेत, हळदीचा एक डाग सगळे बोहो घालवतो. गोवा ज्यांना लांब पडतो त्यांनी बचत गटात असाल तर मुंबईच्या महालक्ष्मी सरस किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेची चौकशी करावी. आणि कुठेही गेलात तरी आधी वहीत तास लिहून न्या. “फावल्या वेळात केलंय” असे गिऱ्हाइकाला कधी सांगू नका. ऐकल्याबरोबर भाव उतरतो.

त्या रात्री घरी पोचले तेव्हा हे काळजीत होते, मुलगा झोपला होता. सासूबाई जाग्या होत्या. “पाचशे? शिंक्याला?” म्हणून त्यांनी तीनदा विचारले. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात माझ्या नावाचे आवर्ती ठेवीचे खाते उघडले, महिना पाचशेचे. आमची पडवी बरोबर आठ मीटर आहे, त्यामुळे दोरी मोजायला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फेरी पुरते. सहांपैकी तीन शिंकी तयार आहेत. तिसऱ्याच्या गुंडाळ्या सासूबाईंनी स्वतः केल्या, आणि त्यांचे पन्नास रुपये वेगळे काढून ठेवायला मला बजावले आहे.