तबकडीचें गाऱ्हाणें

टिळक आळींतील आमच्या रत्नागिरीच्या घरीं दिवाळीला सारीं माणसें जमतात. यंदा मुंबईच्या पुतण्यानें आकाशकंदिलाबरोबर एक इंग्रजी रॉक-संगीताची तबकडीहि आणली. किंक्स या लंडनच्या मेळाची, १९७० सालची. ओटीवरच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनवर ती लावावी असें मीं सुचवितांच तो ओरडला, “काका, तो मिनिटाला ७८ फेरे घेतो! त्याची जड सुई हिच्या खांचा खरवडून काढील.” मग त्याच्याच छोट्या यंत्रावर ती सुरू झाली.

प्रथम मला तो नुसता गलबला वाटला. परंतु पुतण्या एकेका गाण्याचा आशय सांगूं लागला, तेव्हां मी सरसावून बसलों. रे डेव्हिस या गीतकार-गायकानें त्यांत गाणीं छापणारे, दलाल, व्यवस्थापक या साऱ्यांचेंच गाऱ्हाणें गायिलें आहे. पैसा कसा हातोहातीं फिरतो व रचणाऱ्याकडे येईतों कसा आटतो, याचा एका गाण्यांत हिशेबच आहे. आणि हें गाऱ्हाणें विकलें तेंहि एका कंपनीनेंच! त्यांतील ‘लोला’ या गाण्यांत एका शीतपेयाचें नांव आलें. जाहिरात नको म्हणून बी.बी.सी. तें वाजवीना. तेवढा एक शब्द बदलण्यासाठीं बिचाऱ्याला अमेरिकेहून लंडनला यावें लागलें.

आपल्याकडे तरी काय निराळें? १९४९ च्या ‘महल’मधील लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर प्रथम गायिका म्हणून नांव छापलें होतें ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटांतल्या पात्राचें! पुढें १९६० नंतरच्या वर्षांत गायकांनाहि स्वामित्वधन मिळावें असा त्यांनीं आग्रह धरला. एकदां मेहनताना घेतल्यावर हक्क संपला, असें रफीसाहेबांचें मत. त्यावरून कांहीं वर्षें दोघें एकत्र गायिलीं नाहींत. मला लताबाईंचेंच पटतें. आंबा विकला कीं बागाईतदाराचा संबंध सुटतो खरा, पण गाणें खाल्ल्यानें संपत नाहीं. कायद्यानें हें मान्य करण्यास २०१२ साल उजाडलें.

भाऊबिजेला आलेली आमची आत्या माजघराच्या दारांत बसून ऐकत होती. वय ८८. “म्हणजे त्यांनाहि फसविलें तर!” ती म्हणाली.

१९५५ च्या सुमारास मुंबईच्या एका कंपनीनें आत्याकडून दोन भक्तिगीतें गाऊन घेतलीं. रुपये ५० मिळाले. तबकडी आली, पण तीवर आत्याचें नांवच नव्हतें. कुलीन घरच्या मुलीचें नांव बाजारांत नको म्हणून आजोबांनींच तें गाळविलें, अशी घरांत समजूत होती. माझ्या वडिलांनीं त्यावरून आजोबांना शेवटपर्यंत मनांतून क्षमा केली नाहीं. मींहि नाहीं.

“छे रे,” आत्या म्हणाली, “नानांनीं कंपनीला दोनदां पत्र घातलें, मुलीचें नांव छापा म्हणून. उत्तरच आलें नाहीं. मग ते गप्प बसले.”

“आणि तूं इतकीं वर्षें बोलली नाहींस?”

“कोणीं विचारलेंत?”

पुतण्यानें उठून कपाटांतून ती लाखेची तबकडी काढली, ग्रामोफोनला चावी दिली. “नवी सुई घाल,” आत्यानें बजावलें. गाणें चालू असतांना तो वेष्टणावर तिचें नांव लिहावयास बसला.

“माहेरचें लिही,” ती म्हणाली, “तेव्हां माझें लग्न व्हावयाचें होतें.”