तारेवरचं कार्ड

त्याच्या छातीच्या मधोमध एक भोक आहे. तारेचं. माजघरात खुंटीला अडकवलेली, वर आकडा आणि खाली लाकडाची चकती असलेली ती जाड तार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे भोक ओळखायला वेळ लागणार नाही. पोस्टमननं कार्ड टाकलं की घरातलं शिकणारं पोर ते मोठ्यानं वाचायचं, म्हातारी दोनदा वाचून घ्यायची आणि मग कार्ड तारेत खुपसलं जायचं. तिथं त्याची नोकरी संपायची.

मला ते भेटलं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत, रविवारच्या बाजारात. मोडके रेडिओ आणि कुलपांविना किल्ल्या यांच्या शेजारी अख्खी तारच पडली होती, शंभरएक कार्डं अंगावर घेऊन. मी एकेक सोडवून बघायला लागले तसा विकणारा वैतागला. “ताई, तारंसकट घ्या की. कार्डं मोजत बसायला मला सवड न्हाई.” किंमत त्यानं रद्दीच्या काट्यावर ठरवली. तार फुकट.

कार्डाचं घराणं मूळचं ऑस्ट्रियाचं. तिथं १८६९ साली पहिलं पोस्टकार्ड निघालं. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याला एक. आज पन्नास पैशांना मिळतं, म्हणजे मिळतं असं म्हणायचं. आठ आण्यांचं नाणं कुणाच्याच खिशात नसल्यामुळे ते जोडीनं घ्यावं लागतं. एकट्या कार्डाला आता गिऱ्हाईकच नाही.

स्वभाव? पोटात काही न ठेवणारा. पाकीट कसं ओठ मिटून येतं. आंतर्देशीय तीन घड्या घालून, पदर सावरून येतं. कार्ड उघड्या अंगानं येतं. वाटेत पोस्टमन वाचणार, वाड्यातल्या चारजणी वाचणार, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक. त्यामुळे लिहिणारा जपून लिहितो आणि वाचणारा न लिहिलेलं वाचतो. चौदा सेंटिमीटर लांब, नऊ रुंद एवढीच जागा. त्यातली बरीचशी मायन्यातच जाते: साष्टांग नमस्कार, वि. वि., येथील सर्व क्षेम. मग पाऊस, म्हैस, पैसे. शेवटी थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. तेवढ्यात काहीतरी आठवतं आणि ता. क. कडेनं उभा चढत जातो, पार तिकिटाच्या पायथ्यापर्यंत. खरी गोष्ट बहुधा त्या ता. क.मध्येच असते.

माझ्या तारेवर सगळ्यात जास्त आहेत ती पोचल्याची कार्डं. “पोचल्याचं कार्ड टाक रे” हे एस.टी.च्या खिडकीतून सांगितलं जाणारं शेवटचं वाक्य. काही घरं तर पत्ता लिहिलेली चार कार्डं मुलाच्या पिशवीतच घालून देत. मुलगा पोचे, कार्ड टाके: “सुखरूप पोचलो. काळजी नसावी.” एवढंच. फोनच्या काळात वाढलेल्यांना ही चैन वाटेल, पण मुलगा पोचला की नाही हे चार दिवस माहीत नसणं म्हणजे काय, ते त्या आयांना विचारावं.

शंभर कार्डं चाळून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. या तारेवर कुणी मरत नाही. बारसं आहे, हळदीचं बोट उमटलेली लग्नं आहेत, गुळाच्या भावाची रडगाणी आहेत, परीक्षेत नापास झालेला एक भाचा आहे. मृत्यू एकही नाही. वाईट बातमीचं कार्ड घरात ठेवत नसत. वाचलं की फाडून टाकायचं, मग आंघोळ. त्यामुळे तार म्हणजे घराचा निम्माच इतिहास, आणि तो सगळा सुखरूप पोचलेला.

वय त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. छापील तिकिटात वाघाचं तोंड आणि खाली १५ पैसे असतील तर ते माझ्या लहानपणाचं. पत्त्याखाली पिनकोड नसेल तर बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. छंदातल्या मात्रा मोजणाऱ्या माणसानं देश सहा आकड्यांत बसवला. कोल्हापूरच्या वाट्याला ४१६ आलं. चित्राच्या कार्डाचं वय वेगळ्या खुणेनं ओळखायचं. रंकाळा तलावाच्या काठावर शालिनी पॅलेस दिसला तर कार्ड १९३० नंतरचं. नुसतं पाणी आणि झाडं असतील तर म्हातारं समजावं. अर्थात छायाचित्रकार पॅलेसकडे पाठ करून उभा असेल तर आपण फसलो.

या चित्रवाल्या भावंडांचा तोरा निराळा. आणि त्यात कोल्हापूरचा मान मोठा, कारण महादेव विश्वनाथ धुरंधर इथले. १८६७ चा जन्म, शिक्षण राजाराम हायस्कुलात, पुढे मुंबईला जे. जे.मध्ये आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक. देवादिकांची नि इतिहासाची मोठमोठी चित्रं काढणाऱ्या या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टकार्डांसाठीही हात मोकळा सोडला. मुंबईची साधी माणसं, नखऱ्यात उभी मोलकरीण, सगळं हसत्या नजरेनं टिपलेलं. कोल्हापूर म्हटलं की आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांची नावं चटकन ओठांवर येतात. धुरंधरांना मात्र आपण मुंबईचे करून टाकलं. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मचरित्र, त्यातली मंदिरंही मुंबईचीच; पण हाताला वळण लागलं ते इथं.

सांगायचं कारण, आमच्या अदलाबदलीच्या मंडळातल्या एकानं धुरंधरांचं अस्सल कार्ड कापायला काढलं होतं. आम्ही सहाजण आहोत. दर दोन महिन्यांनी प्रत्येकानं जुन्या कार्डांचं चिकटचित्र करून दुसऱ्याला टपालानं पाठवायचं, चिठ्ठी टाकून नाव काढायचं. मी फोनवर चक्क भांडले. रंगीत झेरॉक्स निघते, ती काप. कात्रीला काय, ती मोलकरणीची मानही कापेल. माझा नियम साधा: जे पोत्यानं मिळतं ते कापावं, जे एखादंच उरलंय त्याला हात लावू नये. कलेच्या नावाखाली केलेली नासधूस ही नासधूसच. एल्सवर्थ केली या अमेरिकी चित्रकारानं १९४९ पासून पन्नासहून अधिक वर्षं पोस्टकार्डांवर कागद चिकटवून चित्रं केली, सुमारे चारशे. पण त्यानं घेतली ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी पर्यटकांची कार्डं.

कापायला बसलं की कार्ड आपलं खरं रूप दाखवतं. जुना कागद जाडाभरडा, कात्रीला कुरकुरतो. कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर सावध राहावं. कोरडी असताना करडी दिसणारी ती अक्षरं ओला हात लागताच जांभळी होऊन पसरतात. माझा पहिला प्रयत्न असाच वाहून गेला. एका मामाचा आशीर्वाद पार जांभळा झाला. दुसरा पावसाळ्यात कसरीनं खाल्ला, कारण मी गव्हाच्या पिठाची साधी खळ वापरली होती. कोल्हापूरचा जुलै आणि पिठाची खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. मग पेठेतल्या एका म्हाताऱ्या बाइंडरनं सांगितलं, “खळीत चिमूटभर मोरचूद टाका. वह्यांना काय उगाच टाकतोय व्हय आम्ही?” मोरचूद विषारी. पातेलं वेगळं ठेवावं, लेकरांपासून लांब.

आता कापताना मी नावं आणि पत्ते झाकते. कार्ड उघडं आलं होतं, सगळ्यांनी वाचलं होतं, हे खरं; पण म्हणून ते बेवारशी होत नाही. हस्ताक्षरातला एखादा तुकडा घेते, “काळजी नसावी” एवढा. तारेचं भोक मात्र कधी झाकत नाही. मागच्या चित्रात त्याच भोकात रंकाळ्यावरचा चंद्र बसवला.

आणि एक कार्ड कापलं नाही. परळचा शिक्का, वाघाचं तिकीट, १९८२. कापड गिरणीत गेलेल्या इकडच्या कुणा पोरानं घरी लिहिलंय: संप मिटला की पैसे पाठवतो. तो संप त्या वर्षी १८ जानेवारीला सुरू झाला, आणि रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पैशांचं काय झालं ते तारेवर नाही. ते कार्ड मी पुन्हा तारेतच घातलं, त्याच भोकातून.

या खेपेला माझ्या चिठ्ठीत बेळगावची बाई निघाली. पाकिटात घालायचं नाही हा मंडळाचा नियम. पोस्टाचा शिक्का चित्रावरच उमटला पाहिजे. पाच रुपयांचं तिकीट लावलं, म्हणजे पत्राच्या दरानं, आणि ४१६ मधून ५९० ला सोडून दिलं. नवव्या दिवशी पोच आली, साध्या पन्नास पैशांच्या कार्डावर: “पोचलं. वाघाचा एक कान सुटला होता, खळीनं लावला. काळजी नसावी.”